खोक्यातला यूपीएस

"अहो, हा ओरडून राहिला. अहो, हातातलं सोडा अन् आधी इकडे या."

बायको आतल्या खोलीतून ओरडत होती आणि तिच्या आवाजाखालून आणखी एक आवाज येत होता, बारीक, चिडका, टिटवीच्या पिल्लाची मान कुणी धरावी तसा. मी मागच्या अंगणात कूलरमध्ये पाइपनं पाणी भरत होतो. कूलरचा पंखा माझ्या डोळ्यांदेखत मंदावला आणि थांबला, म्हणजे लाइन गेली होती. मे महिना, दुपारचे तीन वाजून गेलेले. नागपुरात या वेळेला कावळेसुद्धा विजेच्या खांबाच्या सावलीत एकामागे एक रांग लावून उभे राहतात. पाइप वाहता तसाच टाकून मी धावलो. धावलो म्हणजे माझ्या वयाचा आणि माझ्या घेराचा माणूस धावतो तितका धावलो.

खोलीत टेबलावर कॉम्प्युटर चालू होता. पडद्यावर हेडफोन लावलेली एक तरुण मॅडम, दुसऱ्याच कुठल्या शहरात, पंख्याखाली सुखानं बसलेली. समोर खुर्चीत माझी बायको, कडक इस्त्रीच्या सुती साडीत, अर्ध्या वाक्यात अडकलेली. आणि टेबलाखाली माझा यूपीएस, दिवा लाल करून चीं-चीं करत.

"घाबरू नको वं," मी कमरेवर हात ठेवून म्हणालो. "लाइन गेली का तो ओरडतेच. त्याचं कामच आहे ते. ओरडत-ओरडत वीस मिनिटं खेचते. तू शिकव बिनधास्त."

माझं वाक्य संपेपर्यंत पडदा काळा झाला होता. चीं-चींची एक लांबलचक चीं झाली आणि तीही विझली. काळ्या काचेत बायकोचा चेहरा दिसत होता आणि तिच्या मागे माझा, तोंड अजून 'बिनधास्त'वर उघडं.

अकरा सेकंद चालला तो. मी मोजले नव्हते, पण अकराच. पुढे गल्लीत हा किस्सा सांगताना त्याचे चार झाले आणि पोराला फोनवर सांगताना दोन, पण कागदावर लिहायचं तर खरं लिहावं.

ती बायकोची मुलाखत होती. इंटरनेटवरून मुलांना गणित शिकवणारी एक संस्था घरी बसून शिकवणारे शिक्षक शोधत होती. अट अशी की त्यांच्या मॅडमसमोर पंचवीस मिनिटांचा एक धडा शिकवून दाखवायचा. मॅडम पाचवीतलं पोर होऊन बसणार, मुद्दाम चुकणार, आणि शिकवणारी काय करते ते बघणार. बायकोनं अपूर्णांक निवडले होते. पंधरा दिवस ती पोळ्या लाटताना पोळीला समजावून सांगत होती की तू आता एक पूर्ण आहेस.

लग्नाआधी ती काटोलला शाळेत गणित शिकवायची. दोनच वर्षं, पण आजही तिच्यासोबत काटोलच्या बसस्टँडवर उतरलो की संत्र्याच्या पेट्या रचणारा एखादा मिशाळ व्यापारी पेट्या सोडून उभा राहतो आणि "बाई, नमस्कार" म्हणतो. मी लोकांना सांगतो की अख्खा संत्रा बाजार उभा राहतो. अख्खा नाही, पण दोघं-तिघं नक्की. लग्न करून ती नागपूरला आली. मग पोरगा लहान होता. मग माझ्या आईचे गुडघे होते. मग पोराची दहावी, मग बारावी. मधूनमधून जवळच्या शाळेत जागा निघायची, ती पेपरातलं कात्रण माझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवायची, आणि मी ते सावकाश वाचून म्हणायचो, "पुढे पाहू." नाही असं मी तिला कधीच म्हटलं नाही. हे मी चार लोकांत मोठ्या आवाजात सांगत आलो आहे.

या वर्षी तिनं कात्रण ठेवलं नाही. अर्ज भरला, तारीख ठरली, आणि मला येऊन सांगितलं की अमुक दिवशी तीन ते तीन पंचवीस घरात मिक्सर लावायचा नाही आणि कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. यातला पहिला नियम घराला होता, दुसरा मला. वयाच्या बावन्नाव्या वर्षी ती मुलाखत द्यायला बसली होती, आणि मी तिला शब्द दिला होता की बाकी काही होवो, लाइनची काळजी तू करू नको. लाइनची काळजी करायला आपला यूपीएस आहे.

हा यूपीएस दोन वर्षांपूर्वीचा. पोरगा नोकरीच्या गावाहून दिवाळीला आला होता. त्याचं ऑफिसचं बोलणं चालू असताना लाइन गेली आणि तो म्हणाला, "बाबा, एक लहानसा यूपीएस तरी घेऊन ठेवा." मी त्याच दिवशी बर्डीच्या बाजारात गेलो आणि घेऊन आलो, सगळ्यात लहान, यूपीएसच्या बालवाडीतला. दोन विटा एकीवर एक ठेवल्या तर तेवढा. काळा, समोर एक बटण, एक दिवा. पण वजन असं की येताना पुलाच्या चढावर ऑटोचं पुढचं चाक जमिनीवरून सुटतं की काय, असं वाटलं.

त्याचं काम साधं. लाइन गेली की आतल्या बॅटरीवर कॉम्प्युटर दहा-पंधरा मिनिटं जिवंत ठेवायचा, तेवढ्यात माणसानं हातातलं काम आवरून घ्यावं. पंखे आणि दिवे चालवणारा इन्व्हर्टर वेगळा. हे दुकानदारानं मला दोनदा समजावलं आणि घरी पोचेपर्यंत मी ते विसरलो. विसरण्याचं कारण असं की इन्व्हर्टर शेजारच्या काकाजींकडे होता.

काकाजी पंच्याहत्तरीचे, भिंतीला भिंत लागून राहणारे. त्यांचा इन्व्हर्टर त्यांच्या बैठकीत देवासारखा मांडलेला, पोटात दोन बॅटऱ्या, आणि लाइन गेली की काकाजी मुद्दाम दार उघडं टाकून पंख्याखाली बसायचे. ते मला सहन होत नव्हतं. म्हणून एके संध्याकाळी मी त्यांना सांगितलं की परवा लाइन गेली तेव्हा आमच्या यूपीएसवर कॉम्प्युटर, टीव्ही, इंटरनेटचा डबा आणि घटकाभर कूलरसुद्धा चालला. खिडकीतून इतका उजेड पडत होता की सोनेगावला उतरायला निघालेलं विमान आमच्या घरावर दोन घिरट्या घालून गेलं.

काकाजींनी सुपारी कातरता कातरता विचारलं, "मग उतरलं काय गा?"

"नाही काकाजी. गच्चीवर कपडे वाळत होते."

"बरं झालं," काकाजी म्हणाले. "साड्यांचं नुकसान झालं असतं."

खरं असं होतं की त्या सबंध काळात यूपीएस खोक्यात होता. आणला त्या दिवशी दहा मिनिटं लावून पाहिला आणि मग होता तसा परत बांधला. आधी प्लास्टिकची पिशवी, मग थर्मोकोल, मग खोकं, आणि खोकं कपाटाच्या वर. खोक्याची एक कड मुडपू दिली नाही. दसऱ्याला मात्र खाली काढायचो. घरातल्या विळ्या, कात्र्या, शिलाई मशीन आणि स्कूटर यांच्या रांगेत त्याला बसवायचो, कुंकू लावायचो, झेंडूचं फूल ठेवायचो, आपट्याचं पान द्यायचो, आणि पुन्हा वर. विजेचा थेंब न पिता त्यानं असे दोन दसरे काढले.

हे कुणाला वेडेपणाचं वाटेल, पण मी भांडारपाल होतो. सरकारी कचेरीत चौतीस वर्षं स्टोअर सांभाळलं. माझ्या स्टोअरमधून टाचणी बाहेर पडायची तर तिला तीन सह्या लागायच्या. एकदा साहेबांसाठी नवी फिरती खुर्ची आली. खुर्ची इतकी चांगली होती की मी ती जपून ठेवली. शेवटी साहेब तिच्यावर बसले ते त्यांच्या निरोप समारंभाला, आणि हार घालून घेताना एकदा गोल फिरले. लोक हसले. मला मात्र वाटलं, पाहा, खुर्ची कशी नवीच्या नवी राहिली.

घरातही माझा तोच कायदा. लग्नात आलेला छत्तीस कपबशांचा सेट, अजून छत्तीसच्या छत्तीस. फ्रिजच्या दारावरचं दुकानातलं प्लास्टिक अजून आहे, आता ते पिवळं पडून दाराच्याच रंगाचं झालं आहे. एक मखमली ब्लँकेट आहे, ते पाहुण्यांनी पाहिलं आहे, पांघरलेलं नाही. चांगली वस्तू चांगल्या दिवसासाठी, असं आमच्या घरात सगळेच म्हणायचे, आणि मला वाटतं तुमच्याही घरात म्हणत असतील. त्या छत्तीस कपांमधून ज्याला चहा द्यावा इतका मोठा पाहुणा सत्तावीस वर्षांत आमच्या दारात आला नाही. येत होते ते सगळे आपलेच लोक. त्यांना आम्ही कान तुटलेल्या कपांतून चहा दिला, आणि त्यांनी तो आनंदानं घेतला.

तर मुलाखतीचा दिवस हा तो चांगला दिवस होता. दुपारी एक वाजता मी स्टुलावर चढून खोकं उतरवलं, पलंगावर ठेवलं, यूपीएस काढला आणि टेबलाखाली जोडला. दिवा हिरवा लागला. मी बायकोला बोलावून दाखवला.

"पाहा. दोन वर्षं झाली. नवरदेवासारखा ताजा आहे."

तिनं दिव्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि साडीच्या निऱ्या सारख्या करत खुर्चीत बसली. तीन वाजून सात मिनिटांनी आमच्या गल्लीतल्या झाडून साऱ्या कूलरांनी मिळून डीपीवरचा फ्यूज उडवला, आणि पुढचे अकरा सेकंद तुम्हाला माहीत आहेत.

काळ्या पडद्यासमोर ती किती वेळ बसली ते सांगता येत नाही. माझ्या हिशेबानं अर्धा तास, घड्याळाच्या हिशेबानं अर्धं मिनिट. मी टेबलाखाली वाकून यूपीएसचं बटण दाबत होतो, त्याला थोपटत होतो, एकदा तर हलक्या हातानं चापटही दिली. ती बोलली असती तर मला उत्तर देता आलं असतं. उत्तरं माझ्याकडे चिक्कार असतात.

मग ती उठली. टेबलावरचा फोन घेतला, ड्रॉवरमधला जाड मार्कर घेतला, आणि पलंगावरचं यूपीएसचं रिकामं खोकं उचललं.

"चला," ती म्हणाली.

"कुठं?"

"वर. रेंज तिथंच लागते."

आमच्या घरात फोनला रेंज नाही. इंटरनेटचा डबा चालू असला की अडत नाही, पण डबाही लाइनवर चालतो. गच्चीवर मात्र रेंज भरपूर. मी छत्री घेतली आणि मागे निघालो. जिन्याचा कठडा असा तापला होता की त्यावर पापड टाकला असता तर तो भाजून, फुगून, उडून गेला असता. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या पूर्वेला हातभर सावली होती. त्या सावलीत ती मांडी घालून बसली. मी उन्हात, एका हातात तिच्या डोक्यावर छत्री, दुसऱ्या हातात तिच्यासमोर फोन. चौतीस वर्षं सरकारची सेवा केली, पण इतकं सरळ मी कुठल्याच साहेबासमोर उभा राहिलो नव्हतो.

फोन लागला. मॅडम दिसल्या.

"मॅडम, आमच्याकडची लाइट गेली," बायको म्हणाली. "मी गच्चीवर आहे. धडा पुढे नेऊ का?"

मॅडमनी घड्याळ पाहिलं. "बारा मिनिटं आहेत अजून. पण आता तुमच्याकडे लिहायला बोर्ड नाही ना?"

"आहे," बायको म्हणाली, आणि तिनं खोक्याची एक झडप टर्रकन फाडली.

छत्री हलली. तिनं नजरेनंच छत्री सरळ करवली.

"मघाशी आपण कुठे होतो? चौथा भाग मोठा की तिसरा?"

मॅडम लगेच पाचवीतल्या झाल्या. "चौथा, टीचर. चार तीनपेक्षा मोठा असतो ना."

"बरोबर. चार मोठा आहे." तिनं झडप वर धरली. "ही एक पूर्ण. हिच्यासारखीच ही दुसरी." टर्र. दुसरी झडप. "ही आपण तिघांत वाटू, आणि ही चौघांत." तिनं मार्करनं रेघा मारल्या आणि रेघेवरून पुठ्ठा फाडत गेली. तीन तुकडे डाव्या बाजूला, चार उजव्या. "आता दोन्हीकडचा एकेक उचल. तुझ्या हातात कुठला मोठा आहे?"

"तिघांतला," मॅडम म्हणाल्या.

"का बरं?"

आणि ती थांबली. माझ्या डोक्यावरून घाम नाकावर, नाकावरून फोनवर पडत होता, सहा हात लांब गच्चीच्या फरशीवर डांबर वितळायच्या बेतात होतं, फोनची बॅटरी डोळ्यांसमोर उतरत होती, आणि ही थांबली. प्रश्न विचारून, हातात पुठ्ठ्याचा तुकडा धरून, हसऱ्या चेहऱ्यानं वाट पाहत. घाई नाही, मदत नाही. हा तिचा आवाज आणि ही तिची शांतता मी सत्तावीस वर्षांत ऐकलेली नव्हती. घरातला तिचा आवाज मला पाठ आहे. भाजी संपली, गॅस आला, औषध घेतलं का. हा आवाज दुसरा होता. तो काटोलहून सामानात आला असणार आणि इथे कुठल्या तरी फडताळात ठेवला गेला असणार. मी भांडारपाल. मला तो ठेवलेला आठवत नव्हता, एवढंच.

"कारण वाटणारे जास्त झाले की वाट्याला कमी येतं," मॅडम सावकाश म्हणाल्या. त्या खरंच विचार करून म्हणाल्या की नाटक करत होत्या, ते मला कळलं नाही.

त्याच वेळी शेजारच्या गच्चीवर काकाजी आले, डोक्याला दुपट्टा गुंडाळून, आपल्या टाकीत पाणी किती ते बघायला. मी उन्हात छत्री आणि फोन धरून उभा. काकाजींनी डोळ्यांवर हात धरला.

"काय गा, विमान उतरवून राहिला काय?"

मला बोलता येत नव्हतं. बायकोनं मान न उचलता फक्त डावा तळवा वर केला, मागच्या बाकावरच्या गडबडीला करतात तसा, आणि काकाजी गप्प झाले. नुसते गप्प नाही, कठड्याला टेकून उभे राहिले आणि शेवटपर्यंत ऐकत राहिले. खोकं मात्र उरलं नाही. अर्धे, तिसरे, चौथे, सहावे भाग झाले. दोन वर्षं ज्याची कड मी मुडपू दिली नव्हती, ते बारा मिनिटांत तिच्याभोवती तुकड्या-तुकड्यांनी पसरलं होतं. तळाचा तेवढा पुठ्ठा उरला होता, तर शेवटच्या मिनिटाला तोही तिनं निम्मा केला, सवयीनं.

मॅडम "कळवतो आम्ही" म्हणाल्या आणि गेल्या. पाठोपाठ फोननंच पाटी लावली की मी फार तापलो आहे, मला थंड होऊ द्या. मला त्याचं कौतुक वाटलं. आपल्याला असं सांगता येत नाही.

"बाई," काकाजी पलीकडून म्हणाले. इतकी वर्षं ते तिला सूनबाई म्हणत आले होते. "पाचवीत मले हे असं कोणी सांगितलंच नाही. नुसतं पाठ कर म्हणत."

"अजूनही तसंच म्हणतात, काकाजी," ती म्हणाली आणि पुठ्ठ्याचे तुकडे पदरात गोळा करू लागली.

खाली आलो तर अंगणाचं तळं झालेलं. मी वाहता सोडलेला पाइप इतका वेळ इमानानं वाहत होता, आणि ज्या टाकीच्या सावलीत ती बसली होती ती टाकी रिकामी झाली होती. तळ्यात एक चिमणी आंघोळ करत होती. मी दोन बदकं सांगतो, पण चिमणीच होती.

चौथ्या दिवशी संस्थेचं पत्र कॉम्प्युटरवर आलं. बायकोनं वाचून दाखवलं नाही. मला बोलावलं, पडदा माझ्याकडे वळवला आणि वाचू दिलं. त्यांनी तिला घेतलं होतं. सोमवारपासून, रोज दुपारी दोन तास, पहिला महिना पारखण्याचा. मी टाळी वाजवायला हात उचलले, तेवढ्यात तिनं शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथं लिहिलं होतं की लाइट गेली तरी वर्ग मध्येच बंद पडणार नाही अशी सोय घरी असावी. पहिल्या महिन्यात दोनदा वर्ग तुटला तर पुढे घेता येणार नाही.

"यावर मी 'सोय आहे' असं लिहिलं," ती म्हणाली.

एवढंच. मी यूपीएस पिशवीत घातला आणि बर्डीवर गेलो.

यूपीएस दुरुस्त करणाऱ्याचं दुकान म्हणजे जिन्याखालची एक फट. आत चाळिशीचा एक माणूस वायरींच्या ढिगात बसलेला. त्यानं चार स्क्रू काढले, आतली बॅटरी बाहेर घेतली, डब्याएवढी, लाल आणि काळी अशा दोन वायरींची.

"साहेब, किती चालवला हा?"

"चालवलाच नाही," मी छाती काढून म्हणालो. "पहिल्या दिवशी दहा मिनिटं. त्यानंतर दोन वर्षं खोक्यात. ऊन नाही, धूळ नाही, हात नाही लागला कोणाचा."

त्यानं मीटरच्या दोन सुया बॅटरीला लावल्या, आकडा पाहिला आणि मीटर माझ्याकडे फिरवला, डॉक्टर एक्सरे दाखवतो तसा. "म्हणूनच मेली."

"काहून?"

"हे काही लोणचं नाही जी, का ठेवलं अन् मुरलं. हिले रोज लाइन पाहिजे. पडून राहिली का आतल्या आत रिकामी होत जाते. रिकामी राहिली का प्लेटांवर पांढरा थर बसते. मग किती बी चार्जिंगले लावा, दिवा हिरवा दिसते, पण जीव नसते."

"अन् वापरली असती तर?"

"वापरली असती तर आज बी चालली असती." त्यानं जुनी बॅटरी ढिगात टाकली आणि नवी हातात घेतली. "थोडी थकली असती. पण चालली असती."

परतताना ऑटोत मांडीवर यूपीएस घेऊन बसलो होतो. या वेळी ऑटोचं चाक उचललं नाही. वजन तेवढंच होतं, पण मला त्याचं काही रचावंसं वाटेना. माझ्यासारख्या माणसाला ही फार वाईट खूण असते. सगळा रस्ता मी त्या मिशाळ व्यापाऱ्याचा विचार करत आलो, जो पेट्या सोडून उभा राहतो. तिनं दोन वर्षांत एवढी माणसं उभी केली, तर सत्तावीसमध्ये किती झाली असती, हा त्रैराशिकाचा हिशेब मला येतो. मी केला नाही.

घरी आल्यावर यूपीएस टेबलाखाली बसवला, कायमचा. खोकं नाही, पिशवी नाही, वर कापडही नाही. रात्रभर लाइन पिऊ दिली. दुसऱ्या दिवशी दुपारी बायको म्हणाली, मेन स्विच पाडून बघा. पाडला. कूलर थांबला, पंखा थांबला, चीं-चीं सुरू झाली. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसली आणि मी पडद्याकडे, श्वास धरून. कॉम्प्युटर आणि इंटरनेटचा डबा चौदा मिनिटं चालले. काकाजींना मी सत्तर सांगितली. पण चौदा पुरतात. तेवढ्यात फोन घेऊन गच्चीवर जाता येतं, आणि आता काकाजींनीही सांगून ठेवलं होतं की लाइन गेली तर बाईंनी सरळ आमच्या इन्व्हर्टरखाली येऊन बसावं.

मेन स्विच वर केला. बायको सोमवारच्या वर्गासाठी वहीत रेघा आखायला बसली. मी छत्तीसमधले दोन कप काढले. इतक्या वर्षांचे, की आधी त्यांतली कोळ्याची जाळी धुवावी लागली. चहा केला, एक तिच्याजवळ ठेवला. तिनं कपाकडे पाहिलं आणि तो ओठाला लावला.

मग मला राहवेना.

"बर्डीवर एक फार मोठा इंजिनिअर भेटला," मी म्हणालो. "परदेशातून शिकून आलेला. तो म्हणे, बॅटरी वापरल्यानं मरत नाही, ठेवल्यानं मरते. किती मोठी गोष्ट आहे पाहा वं. मले साठी उलटली तरी कोणी सांगितली नव्हती."

"खोक्यावरच लिहिलं होतं," ती रेघ मारत म्हणाली. "दर तीन महिन्यांनी लाइनवर लावा म्हणून."

"तुले माहीत होतं?"

"हो."

"मग मले सांगितलं काहून नाही?"

तिनं पट्टी सरकवली, पुढची रेघ आखली, कप उचलला आणि त्यातला शेवटचा घोट घेतला.

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही म्हणाले, पुढे पाहू."